चिंचोक्याची खळ

मालननं दाराचा पडदा ओढून घेतला, गाऊन मांडीपर्यंत वर सारला आणि उजव्या मांडीला चिमूटभर राख चोळली. राख नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडची. कोळशाची इस्त्री आसपासच्या चाळींत आता त्याच्या एकट्याकडे उरली होती. राखेचं तो काही मागत नसे, फक्त विचारायचा, "आजी, एवढ्या राखेचं करता काय?" मालन म्हणायची, "भांडी घासते." मांडीला लावते असं परक्या पुरुषाला कोण सांगणार?

तिनं वाखाच्या धाग्यांची एक बट उचलली, ओठांतून ओढून ओली केली, दोन पेड पाडले आणि मांडीवर ठेवून तळव्यानं पुढं सारले. पुढं जाताना पेड आपापला पीळ खातात, मागं येताना एकमेकांत गुंततात. मध्ये हात उचलायचा नाही. उचलला की केलेलं सगळं सुटलं. तिच्या मांडीवर तळहाताएवढी जागा तांबडी आणि गुळगुळीत झाली होती. पावसाळी हवेत घाम आला की तिथं मीठ लावल्यागत चरचरायचं.

कॉटवर बाबुराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पडदा लावलास?" त्यांनी न वळता विचारलं.

"लावलाय."

"नीट लाव. गॅलरीतनं माणसं जातात."

"सत्तरीला आलेल्या बाईची मांडी कोण बघतंय?"

"मांडीचं नाय म्हणत मी. दोराचं म्हणतोय."

मालननं पीळ पुढं सारला. ते खरं होतं. तिचा बाप माण तालुक्यात गावकीचे दोर वळायचा. दावी, कासरे, मोटेचे नाडे. पाटलाच्या गोठ्यातलं प्रत्येक जनावर तिच्या बापाच्या हातानं बांधलेलं असायचं, आणि बाप सुगीला खळ्याच्या कडेला उभा राहून पाटी पुढं करायचा. पुढं वस्तीनं गावकी सोडायची ठरवली. बापानं वाखाची फणी सगळ्यांसमोर ओढ्यात फेकली. मालन तेव्हा परकरात होती. पण हाताला लागलेलं ओढ्यात कसं फेकणार? लग्न होऊन ती लालबागेत आली, ती मिलमधल्या माणसाची बायको म्हणून. सायझिंग खात्यातला बाबुराव. महिन्याचा पगार, बोनस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. दोर हा शब्द या खोलीत पुन्हा निघाला तो थेट सून आल्यावर.

सून म्हणजे नम्रता. राजरत्नची बायको. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राजरत्न गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नाही. तिचा भाऊ उन्मेष बदलापूरला असतो. तो तेव्हापासून दर सणाला येऊन सांगायचा, "ताई, इथं दोन म्हातारी सांभाळत तुझं आयुष्य जायचं. चल. कंपनीत पॅकिंगला लावतो. पुढचंही बघू." पुढचं म्हणजे काय ते सगळ्यांना समजायचं.

नम्रता गेली नाही. सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्याला मामा. "मला काम मिळालं की मी इथंच राहणार," ती म्हणायची. आणि तिला काम मिळालं ते हे. दादरला बायकांच्या मंडळात गाठींचे दागिने करायचा वर्ग निघाला होता. शिकवायला फणसवाडीच्या मीनाक्षीताई. बँकेतली नोकरी सोडून घराच्या तळमजल्यावर त्यांनी दागिन्यांचं दुकान थाटलं होतं. सोनं नाही, मोती नाही. डोंगराकडून येणारा भांगेच्या झाडाचा वाख, जवसाच्या काडीचं सूत, त्यात लाकडाचे नि पितळेचे मणी. गळ्यातल्या माळा, कानातली, पर्सचे पट्टे. 

पहिल्या दिवशी नम्रतानं तयार दोरी घरी आणली तेव्हा मालननं ती दोन बोटांत धरून उलगडून पाहिली.

"हा मशीनचा पीळ. गाठ मारली की चपटा होतो."

"मग कसा पाहिजे?"

मालननं एकदा कॉटकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याकडून राख आणली. मीनाक्षीताईंना तो गोल, जिवंत पीळ इतका आवडला की तेव्हापासून त्या कच्चा वाखच पाठवायला लागल्या.

शेजारची चंपा कपडे वाळत घालताना पडद्यातून डोकं घालायची. "भांगेचं झाड ना हे, मावशी? मग वळता वळता चढत असेल."

"चढत नाय गं. मांडी सोलते."

"आणि ते पांढरं?"

"जवस."

"चटणीचं जवस? लोक आता चटणी गळ्यात घालणार?"

"जन्मभर खाल्ली. सूत निघतं ते मला तरी कुठं ठाऊक होतं!"

नम्रता हसायची. राजरत्न गेल्यावर तिच्या हसण्याचा आवाज पहिल्यांदा या कामानंच घरात आणला होता. म्हणून बाबुराव भिंतीकडे तोंड करत, पण बंद करा असं म्हणत नसत.

*

आषाढ लागला आणि एका दुपारी नम्रता फणसवाडीहून परत आली ती माळांची पिशवी तशीच घेऊन.

"आत्या, परत दिल्या. टोचतात म्हणे. एका बाईची मान लाल झाली."

मालननं माळ उजेडात धरली. दोरीवर बारीक कुसं उभी होती, सुरवंटाच्या अंगावर असतात तशी.

"दाव्याला कुस असतीच. बैल कुठं तक्रार करतो?"

"बैल गिऱ्हाईक नाहीत, आत्या. मीनाक्षीताई म्हणाल्या, गुळगुळीत जमलं तर मोठं काम आहे. दिवाळीचं सगळं आपल्याकडे देतील. आणि मला कायमची दुकानात बसवतील. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर त्या बाहेरून तयार माल घेतील."

बाहेर पागोळ्या गॅलरीच्या पत्र्यावर पडत होत्या. तेवढ्यात कॉट करकरली. बाबुराव उठून बसले होते.

"खळ दिली नाय तर कुस उभी राहणारच," ते म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"ताण्याचं सूत कसं असतं? असंच केसाळ. तसंच मागावर चढवलं तर घासून तुटतं. म्हणून खळीतनं काढायचं, रोलरवर दाबायचं, वाळवायचं. कुस अशी बसते," त्यांनी मनगटावरून हात फिरवला, "की माशी घसरून पडंल. बावीस वर्षं तेच केलं मी. मला कोणी विचारलंय का?"

"तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसता. कोण विचारणार?" मालन म्हणाली.

"आता विचार."

"मामा, कसली असते खळ?" नम्रता त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"चिंचोक्याची. भाजायचे, टरफल काढायचं, पीठ करायचं, शिजवायचं. मिलमध्ये वरनं चिमूट चिमूट नीळ पण पडायची, निळी पूड. कापड पांढरं दिसायला. आपल्याला ती कशाला? आपला माल तांबूस."

दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी दाढी केली. राजरत्न गेल्यावर आपल्या मनानं दाढी करायची त्यांची ही पहिलीच वेळ. चिंचोके घेऊन ते मसाल्याच्या डंखावर गेले. डंखवाला म्हणाला, "बाबुराव, इथं मिरची कुटतात. हे दगड घातले तर माझा डंख मोडेल." बाबुरावांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण पीठ घेऊन आले. पहिली खळ शिजली आणि तिघांनाही ठसका लागला. डंखातली मिरची पिठात उतरली होती. नम्रता डोळे पुसत म्हणाली, "ही माळ घातली तर मान लाल नाही, जळूनच जाईल!" बाबुरावसुद्धा हसले. मग पुढचे चिंचोके चंपाच्या खलबत्त्यात कुटले.

दुसरी खळ साधली. पातेल्यात गुळासारखी तार धरणारी, चकचकीत. बाबुरावांनी ती बोटावर घेऊन अंगठ्यानं ओढली, डोळे बारीक केले, गॅस कमी करायला सांगितला. आवाज एकदम मिलमधला. "ढवळत राहा. थांबलीस की गाठी. गाठी झाल्या की सुताचं अख्खं बीम गेलं." गॅलरीच्या दोन खांबांना दोऱ्या ताणून त्यांनी जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं खळ दिली. एकदा उलटी, एकदा सुलटी. संध्याकाळी मालननं बोट फिरवलं तर दोरी काचेच्या बांगडीसारखी लागली.

मीनाक्षीताईंनी ती गालाला लावून पाहिली म्हणे. नम्रता धावत जिना चढली. "काम मिळालं! सगळं! आणि दिवाळीपासून मी दुकानात!"

"त्यांनी विचारलं का, कसं केलं?" बाबुरावांनी विचारलं.

"विचारलं. मी म्हणाले, आमच्या मामांच्या खात्याचं गुपित आहे."

बाबुराव बुशशर्ट घालून खाली नाक्यावर गेले आणि बराच वेळ उभे राहिले, दुसऱ्या पाळीला निघालेल्या माणसासारखे.

*

मग आषाढ आणि अर्धा श्रावण त्या खोलीनं दुसरं काही पाहिलं नाही. सकाळी पाणी भरून झालं की मालन वळायला बसायची. दुपारी बाबुराव खळ शिजवायचे. ताणलेल्या दोऱ्यांखालून गॅलरीतली माणसं वाकून जायची. कोणी कुरकुरलं की बाबुराव म्हणायचे, "हात लावू नकोस, ओला माल आहे." रात्री जेवण झालं की नम्रता गाठी मारायची. तिची बोटं पटापट चालायची. मालनला तिच्याकडे बघत बसायला आवडायचं.

"आत्या, तुमच्या गाठी शिकवा ना. गावाकडच्या."

"त्या दोनच. निरगाठ आणि सुरगाठ."

"फरक काय?"

मालननं दोन्ही मारून दाखवल्या. "ही निरगाठ. ओढलं की आवळत जाती. घरच्या जनावराला ही. आणि ही सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली. बाजारात न्यायच्या जनावराला माझा बाप हीच मारायचा. ज्यानं घेतलं त्याला तिथल्या तिथं सोडून नेता यावं म्हणून."

"म्हणजे गाठ बघून जनावराला कळत असेल, आपल्याला विकणार आहेत."

"जनावराला कळतं का नाय ते ठाऊक नाय. मला कळायचं. मी त्या दिवशी जेवत नसे."

नम्रता थोडा वेळ सुरगाठ बांधत नि सोडत बसली. मग म्हणाली, "उन्मेषचा फोन आला होता. मी सांगितलं, आता नाही येत. माझं काम चाललंय."

मालननं मान खाली घालून वाखाची बट ओठांत धरली. वाखाची कडू चव त्या रात्री तिला लागलीच नाही.

झालेला माल नम्रता पुठ्ठ्याच्या खोक्यांत, प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवायची. पाऊस आत येऊ नये म्हणून खोकी माळ्यावर, कौलांच्या खाली रचली. खोली दहा बाय बाराची. दुसरीकडे जागा नव्हतीच. एकदा खोकं ठेवताना ती शिडीवरून म्हणाली, "मामा, वास येतोय का कसला? आंबूस?"

बाबुराव पातेल्यात ढवळत होते. "खळीचा वास असतो. खात्यात शिरलं की नाक भरायचं. आम्ही घरी आलो की राजरत्नची आई म्हणायची, आधी अंघोळ. विचार."

"व्हय," मालन म्हणाली. "यायचा वास." आणि तो वास तिला खरंच ओळखीचा वाटला. पगाराच्या दिवसांतला.

*

नारळी पौर्णिमा झाल्यावर दोघी खोकी घेऊन बसनं ठाकूरद्वारला उतरल्या. पाऊस उघडला होता. मालननं ठेवणीतली साडी नेसली होती; इतके दिवस माल नम्रताच नेऊन द्यायची, मालन पहिल्यांदा येत होती. फणसवाडीत शिरताना तिनं विचारलं, "चपला बाहेर काढायच्या ना?" नम्रता म्हणाली, "दुकान आहे आत्या, राहू द्या." तरी तिनं उंबऱ्याबाहेर काढल्याच.

मीनाक्षीताई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, बोलायला मऊ. "या, या काकू! तुमचे हात बघायचे होते मला. बसा." त्यांनी खुर्ची पुढं केली. दुकानात आणखी दोन बायका आरशासमोर कानातली लावून बघत होत्या. "थांबा हं, आजच माल आलाय, ताजा ताजा दाखवते," असं त्यांना म्हणत मीनाक्षीताईंनी खोक्याची चिकटपट्टी कापली आणि पिशवी उघडली.

आधी वास आला. आंबलेल्या भाकरीचा.

मग त्यांनी माळ उचलली. माळेवर राखाडी लव उभी होती, आणि लवेत हिरवे ठिपके. मणी दिसत नव्हते. त्यांनी ती टाकली, दुसरी काढली. तीही तशीच. तिसऱ्या पिशवीतून कसरीचा एक चकाकता बारीक किडा निघून त्यांच्या मनगटावरून धावला. आरशासमोरची एक बाई किंचाळली, दुसरी हसली. "अगं बाई, हे गळ्यात घालायचं?"

नम्रता खोक्यामागून खोकं उघडत गेली. प्रत्येक खोकं उघडताना तिला वाटत असावं, यातलं तरी चांगलं निघेल. सगळ्यात तळाचं उघडलं आणि तिनं ते तसंच पुन्हा मिटलं.

"याला लावलंय काय तुम्ही?" मीनाक्षीताईंनी विचारलं. आवाज अजूनही मऊ होता.

"चिंचोक्याची खळ, ताई."

"खळ? म्हणजे खायचं पीठ? पावसाळ्यात? बंद पिशवीत?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला आधी सांगायचं ना गं. मी गुपित म्हणून कौतुकानं सोडून दिलं. माझंच चुकलं."

"आम्ही धुऊन देतो," मालन उठून उभी राहिली. "धुऊन, वाळवून..."

"काकू, हे धुऊन जाणार नाही. आणि एकदा माझ्या दुकानातून गेलं आणि कोणाच्या अंगावर पुरळ उठलं तर..." त्यांनी वाक्य सोडलं, बाटलीतलं औषध हातावर घेऊन चोळलं, कोपरापर्यंत. मग नम्रताकडे वळून हळू म्हणाल्या, "दिवाळीचं मला आता दुसरीकडून करून घ्यावं लागेल. दुकानाचंही तूर्त राहू दे. समजून घे. मणी तेवढे सोडवून परत पाठवशील ना? पितळी आहेत ते."

"हो ताई."

"आणि खोकी मागच्या दारानं न्या, प्लीज. पुढं गिऱ्हाईक आहे."

मालनच्या चपला पुढच्या उंबऱ्याबाहेर होत्या. ती खोकं डोक्यावर घेऊन मागच्या बोळातून अनवाणी निघाली. नम्रता वळसा घालून गेली आणि चपला हातात घेऊन आली.

*

बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एक माळ उचलली, लव बोटानं पुसली, वास घेतला. "असं होत नाय," ते म्हणाले. "गोदामात वर्ष वर्ष पडून असायचं खळ दिलेलं सूत. कधी बुरशी नाय धरली. असं होतच नाय."

आणि बुशशर्ट घालून निघाले. मालन मागोमाग गेली. त्या पायांचा तिला भरवसा वाटला नाही.

गणपत दोन गल्ल्या सोडून राहायचा. मिलमध्ये खळ शिजवायची खोली त्याच्या ताब्यात होती. आता ऐंशीच्या पुढं, कानानं बहिरा, गॅलरीत स्टुलावर बसलेला. बाबुराव त्याच्या कानाशी वाकले.

"गणपत, खळीत काय काय पडायचं?"

"आं? कोण, बाबू? सायझिंगचा? जगलास अजून?"

"खळीत! काय घालायचास?"

"चिंचोका. चरबी. मीठ." गणपत एकेक बोट मिटत गेला. "आणि मोरचूद."

"मोरचूद?"

"निळी पूड रे. विषच ते. त्याच्याशिवाय खळ टिकती का? चार दिवसांत बुरशी खाती. उंदीर खातो, कसर खाती."

बाबुराव सरळ झाले. मग पुन्हा वाकले. "ती नीळ होती ना? पांढरं दिसायला?"

गणपत तोंडातला एकच दात दाखवत हसला. "नीळ? कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मी डबा बघितला होता. निळा."

"अरे, विचारायचं तर होतंस."

"तुझ्या खोलीचं दार बंद असायचं."

"असणारच. माझं खातं होतं ते." गणपतनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "तू तुझं मशीन बघायचास, मी माझं पातेलं. ज्याचं त्याचं खातं. आज काय रे आठवलं?"

"असंच," बाबुराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर रस्त्यात मांडवाचे बांबू उभे राहत होते. माणसं हाका मारत होती, कोणी तरी ढोल तपासून बघत होतं. बाबुराव एका बांबूला धरून थांबले.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "एका भिंतीपलीकडं."

मालननं त्यांच्या बुशशर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं ते नीट केलं.

तिघांनी माळा धुऊन पाहिल्या. नाही असं नाही. गरम पाण्यानं, रिठ्यानं, मग बाबुरावांच्या हट्टानं मोरचूद आणून. खळ विरघळली, कुसं पुन्हा उभी राहिली, वाख पाणी पिऊन फुगला आणि नम्रताच्या गाठी दगडासारख्या आवळल्या. पितळेचे मणी काळेहिरवे पडले. चंपा दारात उभी राहून बघायची. आता ती चेष्टा करत नव्हती. चहाचा कप ठेवून जायची. आणि ते जास्त लागायचं.

उन्मेषला कोणी फोन केला? नम्रतानंच केला. मालननं गॅलरीतून ऐकलं. "हो. नाही, रडत नाहीये. ये."

*

गणपती बसले की लालबागेत टेम्पो शिरत नाही, म्हणून उन्मेष आधीच्या रविवारी येणार होता.

शनिवारी मालन दाभण घेऊन माळा सोडवायला बसली. एकेक गाठ उकलून मणी वेगळे केले, चिंचेनं घासले, पुडीत बांधले. उरलेल्या दोऱ्यांचा ढीग झाला. तो तिनं बराच वेळ पाहिला. मग तिनं दोऱ्यांचे तीन जाड पेड केले. पडदा ओढला नाही. दार सताड उघडं.

"काय करतेस?" बाबुरावांनी विचारलं.

"तिची वळकटी आणि पेटी बांधायला दोर पाहिजे."

जाड दोर मांडीवर वळत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून पीळ द्यायचा, दुसऱ्यानं पेड सोडत मागं सरकायचं. मालन टोक कॉटच्या पायाला बांधायला वाकली. ते टोक बाबुरावांनी तिच्या हातातून घेतलं. लाटण्याला गुंडाळलं आणि फिरवायला लागले. मालन पेड सोडत, एकेक पाऊल मागं सरत, दारातून बाहेर गॅलरीत गेली. चंपाच्या दारापर्यंत. येणारी जाणारी माणसं थांबून बघत होती. बाबुरावांनी वर पाहिलं नाही. पीळ मात्र बरोबर देत होते.

"जास्त होतोय," मालन लांबून म्हणाली.

"बरं," ते म्हणाले, आणि हात हळू केला.

नम्रता मोरीपाशी पाठ करून भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा.

उन्मेष सकाळी आला. चहा घेतला, दोघांच्या पाया पडला. वाईट मुलगा नव्हता. "मामा, फोन करत जा. काही लागलं तर सांगा," असं म्हणून त्यानं पिशव्या खाली नेल्या. राजरत्नच्या फोटोसमोर नम्रता उभी राहिली. फोटो न्यावा की ठेवावा हे तिला सुचत नव्हतं. मालननं तो भिंतीवरून काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा भिंतीवरच लावला.

मग ती वळकटी बांधायला खाली बसली. दोर दोनदा फिरवला, गुडघा रोवून आवळला आणि गाठ मारली. हातानं आपली आपणच मारली, विचारावं लागलं नाही. निरगाठ.

"आत्या," नम्रता शेजारी बसली. "ही तिकडे कोण सोडणार? मला जमायची नाही. उन्मेष कापून टाकेल."

मालनचे हात थांबले. गाठ तिच्याच बळानं आवळली होती. सोडवायला दाभण लागलं, दातही लावावे लागले. सुटल्यावर तिनं दोराचं टोक हातात धरून ठेवलं, वरून एक फेर घेतला, टोक अर्ध्यातून परत आणलं. ओढून पाहिली. ठीक बसली होती.

नम्रतानं गाठीकडे पाहिलं आणि मान वळवली.

जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. टेम्पो सुरू झाला, मांडवाच्या बांबूंतून वाट काढत गेला. मालन गॅलरीतून आत आली, मोरीवर हात धुतले. दोराची कुसं तळव्यात रुतली होती, ती निघेनात.

बाबुराव कॉटवर बसले होते.

"नीट बांधलंस ना?"

"व्हय."

"गाठ कुठली मारलीस?"

मालननं गाऊनला हात पुसले. "सुरगाठ," ती म्हणाली.

बाबुराव भिंतीकडे वळले. मालननं गॅसवर भाताचं आधण ठेवलं, डब्यातून तिघांचा तांदूळ काढला आणि मग त्यातला एकीचा वाटा मुठीनं परत डब्यात टाकायला लागली.